वायरमनच्या परवान्याच्या प्रत्येक अटीपुढे एका अपघाताचं नाव लिहा

प्रति,
मा. प्रधान सचिव (ऊर्जा), महाराष्ट्र शासन
मा. मुख्य विद्युत निरीक्षक
मा. सचिव, अनुज्ञापक मंडळ

विषय: तारतंत्री (वायरमन) परवाना, पर्यवेक्षक प्रमाणपत्र आणि विद्युत कंत्राटदाराची अनुज्ञप्ती यांच्या अटींची फेरतपासणी

महोदय,

वायरमनच्या परवान्याची आठवण आपल्याकडे वर्षातून दोनदा होते. एकदा पहिल्या पावसात, एकदा गणपती-नवरात्रात. कुठेतरी लोखंडी कमानीला हात लागून माणूस जातो, बातमीत ‘विनापरवाना वायरमन’ असे शब्द येतात, कारवाईची मागणी होते आणि आठवडाभरात सगळं शांत होतं. देशात विजेच्या धक्क्यानं दरवर्षी १२,००० हून जास्त माणसं दगावतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडच्या वर्षांचे अहवाल सांगतात. हे पावसाळ्यापुरतं नाही, वर्षभर चालू असतं.

आम्ही या कामातली माणसं आहोत. कुणी साइटवर पाइप टाकतं, कुणी टेस्टिंग करतं, कुणी आयटीआयमध्ये तारतंत्रीच्या मुलांना शिकवतं. परवाना ठेवावा की काढून टाकावा या वादात दोन्ही बाजूंचा आवाज मोठा आहे, पण त्यात कामाचं बोलणं कमी. आमची मागणी साधी आहे. परवान्याच्या प्रत्येक अटीपुढे ती अट नेमका कोणता अपघात टाळते ते लिहावं. जिच्यापुढे काही लिहिता येणार नाही ती काढावी. आणि नेहमी होणाऱ्या ज्या अपघातापुढे एकही अट सापडणार नाही, तिथे ती घालावी.

कायदा आपल्याला सांगायची गरज नाही, पण हे पत्र बाहेरचेही वाचतील. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम, मग केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा विनियम आणि आता २०२३ चे, तिन्हींचा सूर एकच. ग्राहकाच्या जागेतलं विजेचं काम परवानाधारक कंत्राटदारानं करायचं, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली, आणि तारेला हात लावणाऱ्याकडे परवाना हवा. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं यांच्या बदलाला सूट आहे, तीही जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर.

म्हणजे वॉशिंग मशीनसाठी बाल्कनीत एक नवा १६ अँपियरचा पॉइंट काढायचा तर कंत्राटदार, पर्यवेक्षक आणि परवानाधारक वायरमन असे तिघे लागतात. एका पॉइंटसाठी तिघे आलेले महाराष्ट्रात कुणी पाहिले असतील तर कळवावं. प्रत्यक्षात कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सांगितलं जातं, दुकानदार एका मुलाला फोन करतो, तो झिरी मारून, पाइप टाकून, वायर ओढून, दीड-दोन तासांत मजुरी घेऊन जातो. रोज इतक्या घरांत मोडला जाणारा नियम कुणावरच लागू होत नाही. अपघात झाला की मात्र शोधून एकावर लावला जातो.

त्या बाल्कनीतल्या पॉइंटकडे जरा जवळून बघू.

जुन्या इमारतीत स्वयंपाकघरातल्या बोर्डापर्यंत दोनच वायर आलेल्या असतात, वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल. अर्थिंगची हिरवी वायर नसतेच, किंवा असली तर मीटर रूममध्ये तुटून लोंबत असते. नवीन मशीन लावल्यावर घरातली बाई म्हणते, बॉडीला हात लावला की मुंग्या येतात. खरंही असतं ते. मशीनच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक फिल्टरमधून विजेची थोडी गळती बॉडीवर येतेच, ती जायला अर्थिंगची वाट लागते. मुलगा सॉकेट उघडतो आणि न्यूट्रलच्या टर्मिनलपासून अर्थच्या पिनपर्यंत बोटभर वायरचा लूप मारतो. मुंग्या थांबतात. मग तो होल्डरला लावलेला बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरून दाखवतो. बल्ब लख्ख लागतो. “बघा ताई, अर्थिंग मिळालं.” ताईंचं समाधान होतं. त्याचंही झालेलं असतं, कारण खऱ्या अर्थिंगवरही बल्ब असाच लागतो. या तपासणीत खरं-खोटं वेगळं करायची ताकदच नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पुढे कधीतरी मीटरजवळ किंवा डीबीत (घराच्या वितरण पेटीत) न्यूट्रलचा स्क्रू ढिला होतो, तापतो, सुटतो. घरातले दिवे जातात. एखादा पंखा किंवा ट्यूब चालू स्थितीत राहिलेली असते. तिच्यातून फेज न्यूट्रलच्या वायरवर उतरतो, परतीची वाट तुटलेली, म्हणून त्या बोटभर लूपमधून मशीनच्या पत्र्यावर येऊन बसतो, पुरे २३० व्होल्ट. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) जागचा हलत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं काही वाहतच नाहीये. लाइट गेली असं समजून माणूस ओल्या फरशीवर अनवाणी जातो आणि मशीनचं झाकण उघडतो.

आता या एका अपघातापुढे आजच्या अटी ठेवून बघा. किमान वय, शाळेचा दाखला, आयटीआयचं प्रमाणपत्र किंवा अनुभवाचं पत्र, फोटो, शुल्क, ठरावीक मुदतीनं नूतनीकरण. यातली कोणती अट तो लूप थांबवते? आयटीआयच्या दोन वर्षांत न्यूट्रल आणि अर्थ वेगळे ठेवायला शिकवतात, हे खरं. पण शिकलेल्या मुलानं लूप मारला नाही ना, हे परवाना देतानाही बघत नाहीत आणि काम झाल्यावरही कुणी बघत नाही. बघायला तीन मिनिटं लागतात. मेन आयसोलेटर (मुख्य स्विच) बंद करायचा, दोन्ही पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल, सुटतील असा. सगळी उपकरणं प्लगमधून काढायची. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थच्या भोकांत प्रोब घालायचे. बीप वाजला की लूप आहे. मल्टिमीटर पाचशे रुपयांतही येतो.

अनुभवाच्या पत्राविषयी थोडं. ते कंत्राटदाराच्या लेटरहेडवर येतं आणि लेटरहेड छापायला काय लागतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आयटीआय न केलेला, पण पंधरा वर्षं इमानदारीत काम केलेला माणूस या पत्रापाशी अडतो, कारण त्याचा कंत्राटदार पत्र द्यायला टाळाटाळ करतो. परवाना मिळाला तर हा उद्या स्वतःचं काम धरेल, ही त्याची भीती. उलट ज्यानं कधी पक्कड धरली नाही तो पत्र विकत आणून रांगेत पुढे उभा राहतो. या अटीपुढे अपघाताचं नाव लिहायला गेलो तर आम्हाला तरी सुचत नाही.

याहून मोठं दुखणं सहीचं आहे. नवी जोडणी घेताना वितरण कंपनीकडे परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. नियमाप्रमाणे ५०० व्होल्ट डीसीचा (एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेचा) मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, प्रत्येक जिवंत तार आणि अर्थ यांच्यामध्ये एक मिनिट लावायचा, इन्सुलेशन रेझिस्टन्स किमान १ मेगओम हवा. अर्थिंगचा रोध मोजायचा. प्रत्यक्षात गावोगाव सहीचे दर ठरलेले आहेत. ज्यानं वायरिंग केलं त्याच्याकडे परवाना नाही, ज्याच्याकडे परवाना आहे त्यानं ते घर पाहिलेलं नाही, आणि मेगर कपाटात पडून आहे. रिपोर्टवर मेगओमच्या रकान्यात ‘ओके’ लिहिलेलं असतं. ओके कोणत्या एककात मोजतात ते आम्हाला अजून कळलेलं नाही.

परवान्यानं इथे काय केलं? काम करणाऱ्याला लपवलं आणि सही करणाऱ्याला भाडं मिळवून दिलं. परवाना उठवा म्हणणारे हेच बोट दाखवतात आणि तेवढ्यापुरते बरोबर आहेत. पण त्यांचं पुढचं म्हणणं, की चांगला वायरमन टिकेल आणि वाईट आपोआप बाजूला पडेल, ते या धंद्यात चालत नाही. न्हाव्यानं केस बिघडवले तर अर्ध्या तासात आरशात दिसतं आणि महिन्याभरात वाढून येतात. म्हणून सलूनवाल्याची परीक्षा सरकार घेत नाही, तशी कुणी मागतही नाही. वायरिंग प्लास्टरच्या आत जातं. दीडच्या (चौरस मिलिमीटर) वायरवर ३ किलोवॉटचा गिझर टाकला, म्हणजे १३ अँपियर, तर पहिल्या दिवशी पाणी गरम होतंच. दुसऱ्या हिवाळ्यात पाइपातल्या जोडाला चिकटपट्टीचा वास येतो. एमसीबी पडायला लागतो. मग कुणीतरी २० अँपियरच्या जागी ३२ चा एमसीबी टाकतो, तो पडायचा थांबतो आणि आता वायरच फ्यूजचं काम करायला लागते. या साखळीत घरमालकाला कामाची परीक्षा करायची संधी कुठेच नव्हती.

शिवाय नुकसान घरमालकापुरतं थांबत नाही. शेतावर किंवा दुकानात जनरेटर लावला आणि चेंजओव्हर स्विच (बाहेरची वीज आणि जनरेटर यांतलं एका वेळी एकच जोडणारा) न घालता थेट सॉकेटमधून उलटा भरला (दोन्ही टोकांना पिना असलेली ती कुप्रसिद्ध वायर बाजारात मिळत नाही, माणसं घरी बनवतात), तर २३० व्होल्ट सर्व्हिस वायरमधून बाहेर पडून ट्रान्सफॉर्मरवर उलटे चढतात. पलीकडे ११,००० होऊन बसतात. गजबजलेल्या वस्तीत शेजाऱ्यांच्या भारानं छोटा जनरेटर दबून बंद पडतो, तिथे नशीब वाचवतं. पण उच्चदाब वितरण प्रणालीत एक-दोन शेतकऱ्यांना मिळून एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तिथे दबवायला शेजारीच नाही. खांबावर चढलेल्या लाइनमननं सबस्टेशनवरून लाइन बंद केल्याची खात्री केलेली असते. त्याचा काय दोष?

म्हणून आम्ही तीन प्रश्न विचारतो. बिघाड गिऱ्हाइकाला दिसतो का? झालेलं नुकसान भरून येतं का? ते तिसऱ्याच्या अंगावर जातं का? वायरिंगमध्ये तिन्ही उत्तरं वाईट आहेत, म्हणून कसली ना कसली चाळणी हवीच. नळकामाचंही थोडं असंच. नळाला चोवीस तास पाणी नसलेल्या शहरात मोटर थेट पालिकेच्या लाइनला लावली आणि पाइप गटारातून गेलेला असला, की पाणी ओढताना गटारही आत येतं आणि कावीळ शेजारच्या घरात होते. दुकानाची पाटी लावण्याचं तसं नाही. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरते असं शासनानंच ठरवलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. अटी उतरवता येतात, हे शासनाला माहीत आहे.

चाळणी चुकीच्या माणसाला लावली की काय होतं याचं उदाहरण कीटकनाशकांत आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्याच्या दोनच वर्षं आधी नियम बदलून कीटकनाशक विक्रेत्याला शेती किंवा रसायनशास्त्र अशा विषयाची पदवी-पदविका सक्तीची केली होती. अट वाईट नाही, डोस सांगणाऱ्याला काही कळायला हवंच. पण पाठीवर पंप घेऊन डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत, वारा तोंडावर घेत फवारणाऱ्या मजुराला हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा, फवारणीनंतरची आंघोळ हे शिकवलं जातं का, याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. अट काउंटरवर होती, अपघात शेतात झाला.

वायरिंगकडे परत येतो, कारण इथे एक सोय आहे जी फवारणीत नाही.

अर्थिंग चांगलं असलं की एमसीबी माणसाला वाचवतो, असा समज परवानाधारकांतही आहे. हिशोब करू. अर्थिंगचा रोध ५ ओम आला तर आपण पाठ थोपटून घेतो. २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपियर. ३२ चा सी-कर्व्ह प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहापट, म्हणजे १६० ते ३२० अँपियर लागतात. ४६ ला तो तासाभरात पडला तर पडला. तोवर बॉडी जिवंत. आणि ५ ओम तरी कुठे मिळतात? काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडून जमीन पाइपपासून सुटते. कोकणात जांभ्यात आणि देशावर कातळात खड्डाच पुरा खणत नाहीत, अडीच मीटरच्या पाइपचा दीड हात वर कापून टाकतात. कोळसा-मिठाचे थर, पाणी घालायचं नरसाळं हे चित्रात राहतं.

३० मिलीअँपियरच्या आरसीसीबीचा, म्हणजे फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परतलेला प्रवाह यांत तेवढा फरक पडला की वीज तोडणाऱ्या स्विचचा, हिशोब वेगळा. धोक्याची मर्यादा ५० व्होल्ट धरली तर ५० भागिले ०.०३, म्हणजे अर्थिंगचा रोध १,६०० ओमच्या वर गेला तरी तो पडतो, तोही ३०० मिलिसेकंदांच्या आत. अर्थिंगकडे दुर्लक्ष करा असं यातून निघत नाही. निघतं ते एवढंच, की दीड-दोन हजारांचं हे एक उपकरण वायरमनच्या अर्ध्या चुका पोटात घालतं. वर सांगितलेला लूप आरसीसीबीच्या पुढे, म्हणजे घराच्या बाजूला, मारला तर वापराचा थोडा प्रवाह अर्थनं परत जाऊ लागतो आणि आरसीसीबी पडतो. तो बिघाड ओरडून सांगतो. अर्थात अर्थची वायर पुढे कुठेच जोडलेली नसेल तर तोही गप्प राहतो, म्हणून अर्थची सलगता तपासावीच लागते.

इथेच नेमकं काय बिघडतं तेही सांगायला हवं. आरसीसीबी वारंवार पडला की ‘खराब आहे’ म्हणून तो बायपास होतो. दहातल्या बऱ्याच वेळा कारण तीनपैकी एक असतं: कुठेतरी न्यूट्रल-अर्थ लूप, इन्व्हर्टरच्या आणि मेनच्या न्यूट्रलची सरमिसळ, किंवा गच्चीवरच्या पॉइंटमध्ये शिरलेलं पाणी. हे शोधायला एकेक सर्किटचा न्यूट्रल सोडवून बघावा लागतो, अर्धा-पाऊण तास जातो, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही कारण ‘नवीन काहीच केलं नाही’. टेस्टचं बटण दाबून तो पडतो का बघणं चांगलं, पण ते बटण आतल्या रोधातून कृत्रिम गळती करतं, घरातल्या अर्थिंगविषयी काही सांगत नाही. घरगुती जोडणीला ३० मिलीअँपियरचं संरक्षण विनियमांत आहेच, अगदी लहान भाराच्या जोडण्या सोडून. आपल्या हाती आहे ते एवढं, की मीटर लावताना ते बघितल्याशिवाय वीज चालू करू नये.

आता परवान्याचं काय करावं. विनियम केंद्राचे आहेत, राज्याला ते उठवता येत नाहीत. पण परवाना राज्यानं ‘दिलेला किंवा मान्य केलेला’ असावा, असं विनियम म्हणतात. कुणाला, कसा, कशाची परीक्षा घेऊन द्यायचा ही जागा आपली आहे.

घरातलं एकफेजी काम करणाऱ्यासाठी एक हलका परवाना असावा. शाळेचा दाखला नको, अनुभवाचं पत्र नको, तीन तासांची हाताची परीक्षा हवी. जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये ती दर महिन्याला घेता येईल, जागा आणि सामान तिथे आहेच. चार बाय तीन फुटांच्या प्लायवर उमेदवारानं डीबी उभी करायची: दोन पोलचा आयसोलेटर, आरसीसीबी, १० आणि २० चे दोन एमसीबी. १० वर दीडच्या वायरनं जिन्याचं टू-वे सर्किट, २० वर चारच्या वायरनं १६ अँपियरचं सॉकेट. यात वायरचं माप, स्विच फेजमध्येच घेतला का, टर्मिनलमध्ये तांब्याचे सगळे तंतू आत गेले का, जोड डब्यातच आहे ना, हे दिसतं. याला दीड तास.

दुसरा दीड तास तयार बोर्डवर. त्यात परीक्षकानं चार बिघाड लपवलेले असावेत: न्यूट्रल-अर्थ लूप, एका सॉकेटला उलटा फेज, इन्सुलेशनच्या आत तुटलेली अर्थची वायर आणि वायरला न झेपणारा एमसीबी. उमेदवारानं मल्टिमीटर आणि मेगरनं ते शोधायचे. मेगर लावण्याआधी त्यानं दिवे काढले का, फेज-न्यूट्रल एकत्र बांधले का, हेही बघावं, नाहीतर एलईडीचे ड्रायव्हर जळतात आणि गिऱ्हाईक पुन्हा कधी मेगर लावू देत नाही. चारपैकी तीन सापडले तर पास, पण लूप शोधायचा राहिला तर नापास, बाकी कितीही चांगलं असलं तरी. लिहिता न येणाऱ्यानं तोंडी सांगावं, मराठीत किंवा हिंदीत. नापास झालेल्याला कोणता बिघाड सुटला ते तिथेच उघडून दाखवावं. तो पुढच्या महिन्यात येईल.

तीनफेजी, लिफ्ट, दवाखाना, सिनेमागृह, उंच इमारत यांना आजचा पूर्ण परवाना आणि पर्यवेक्षक राहू द्यावा. उलट तिथे आणखी कडक व्हायला आमची हरकत नाही. लिफ्टचं उदाहरण आपल्याच खात्यात आहे. १९३९ च्या कायद्यापासून आजच्या २०१७ च्या कायद्यापर्यंत तिथे माणसाच्या परवान्याबरोबर यंत्राचीही तपासणी होत आली आहे.

टेस्ट रिपोर्टमधून ‘ओके’ हद्दपार करावं. आकडे मागावेत: फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रलचा इन्सुलेशन रेझिस्टन्स, अर्थिंगचा रोध, आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला, मेनच्या वायरचं माप, प्रत्येक एमसीबीचं रेटिंग, झाकण उघडलेल्या डीबीचा फोटो. दोन बेडरूमच्या घराची इमानदार तपासणी करायला उपकरणं सोडवण्यापासून दीड तास लागतो. म्हणजे एक माणूस दिवसाला पाच, फार तर सहा घरं करेल. ज्याच्या नावावर एका दिवसात चाळीस रिपोर्ट चढतात त्याला शोधायला छापा टाकायला नको, पोर्टलवर सातव्या रिपोर्टला लाल दिवा लागला की पुरे. सलग घरांत इन्सुलेशनचा आकडा तोच तो आला तरी तसंच, कारण दोन घरांत तो सहसा जुळत नाही. शंभरातली पाच घरं महिन्याभरात निरीक्षकानं पुन्हा मोजावीत. आकडा खोटा निघाला तर कारवाई सही करणाऱ्यावर व्हावी. आज ती झाली तर वायर ओढणाऱ्या मुलावर होते.

निरीक्षक कमी आहेत हे उत्तर येईल, आणि ते खरं आहे. अनुभवाची पत्रं आणि नूतनीकरणाचे कागद तपासण्यात जाणारे त्यांचे तास या पाच घरांकडे वळवावेत.

एक गोष्ट आपल्याकडून लवकर व्हायला हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तिचं लक्ष्य एक कोटी घरांचं आहे, आणि इकडे ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. छतावर किंवा शेतात पॅनलची रांग जोडली की शेकडो व्होल्ट डीसी होतात, आणि ऊन आहे तोवर ते बंद करता येत नाहीत. एसीचा, म्हणजे घरात येणाऱ्या दिशा बदलणाऱ्या विजेचा, ठिणगीपूल (आर्क) सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो म्हणून विझतो, डीसीचा तसा विझत नाही. साधा एसीचा एमसीबी डीसीत घातला तर तो उघडतो, पण आतली आग चालूच राहते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, टक् असा आवाजही येतो, आणि आतला स्पर्श अर्धवट राहून ते उन्हाळ्यात वितळतात. तारतंत्री परवान्याची चौकट सौर छतं येण्याच्या कितीतरी आधीची आहे. म्हणजे जिथे अट निरुपयोगी आहे तिथे ती घट्ट आणि जिथे अपघात नवा आहे तिथे मोकळं रान. सौर कामासाठी वेगळा संपूर्ण परवाना काढू नये, नाहीतर पुन्हा सहीचा बाजार भरेल. त्याच बोर्डवर अर्ध्या तासाचा डीसीचा भाग वाढवावा, आणि जुन्या परवानाधारकांनीही नूतनीकरणाच्या वेळी तेवढाच द्यावा. नूतनीकरणाला निदान एक अर्थ येईल.

परराज्यातल्या परवान्याचंही बघावं. मुंबई-पुण्याच्या साइटवर वायर ओढणारे हात बिहार-उत्तर प्रदेशातून येतात, आणि सीमेवरच्या दोडामार्गचा वायरमन सकाळी गोव्यातल्या डिचोलीला कामाला जाऊन संध्याकाळी परत येतो. विजेला सीमा कळत नाही, लूप दोन्हीकडे सारखाच मारतो. तीन तासांच्या परीक्षेत पास झालेल्याचा परवाना गोव्यानं आणि आपण परस्पर मान्य करायला फार मोठा करार लागू नये.

येत्या पावसाळ्याआधी आपण एवढं करावं. एक तक्ता करून तीनच ओळी भराव्यात: न्यूट्रल-अर्थ लूप, जनरेटरचा उलटा पुरवठा, मंडपातला ओल्या जमिनीवरचा जोड. प्रत्येक ओळीत आजच्या अटींपैकी ती टाळणारी अट कोणती, ते तपासतं कोण, आणि तपासायला किती मिनिटं लागतात, हे लिहून तक्ता खात्याच्या संकेतस्थळावर टाकावा. रकाना रिकामा राहिला तर रिकामाच टाकावा. परीक्षेच्या बोर्डाचा आराखडा, बिघाड लपवायच्या जागांसकट, आमच्याकडे तयार आहे. बोलावलंत तर बोर्डच घेऊन येतो.

आपले,
वायरिंग, टेस्टिंग आणि तारतंत्री शिक्षण या कामांतले काही जण